‘नुसतं बोलायचे १५०० रुपये?’ दादाच्या थेरपीची पूर्ण केस

ही केस माझ्या मावसभावाची आहे, त्याला विचारून लिहितेय, त्याची अट एवढीच की नाव नको आणि कंपनीचंही नको, म्हणून इथे तो फक्त दादा. वय ४४, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शनला, राहायला चिंचवडला, घरी वहिनी, दहावीतली मुलगी आणि त्याची आई म्हणजे माझी मावशी. थेरपिस्टकडे जा असं हल्ली सगळेच सांगतात, पण गेल्यावर पहिल्या महिन्यात नेमकं काय होतं, कसं वाटतं, पैसे कसे जातात हे कुणी धड सांगत नाही. आणि माझं तर मत झालंय की बरीच माणसं दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर जाणं बंद करतात त्याचं कारण हेच, आपण डॉक्टरकडे गेल्यासारखे जातो आणि हातात चिठ्ठी न घेता बाहेर येतो. दादाही सोडणारच होता.

आधी काय झालं ते सांगते. पावसाळ्यात पुणे-नाशिक रोडला मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना एकदम छाती आवळली, श्वास पुरेना, डाव्या हाताला मुंग्या, आणि आता आपण इथेच जाणार असं वाटलं. हॉस्पिटलला नेलं, ईसीजी, रक्ताच्या टेस्ट, सगळं नॉर्मल, ॲसिडिटी असेल म्हणून गोळ्या देऊन घरी. मग तीन आठवड्यांनी शॉप फ्लोअरवर परत तेच. या वेळी टू-डी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, बी-१२ सगळं झालं, बी-१२ जरा कमी निघालं तेवढंच. शेवटी फॅमिली डॉक्टर म्हणाले, अहो हृदय ठणठणीत आहे तुमचं, हे पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्याचं दिसतंय, कुणाशी तरी नीट बोलायला हवं.

हे तपासण्यांचं मी मुद्दाम सांगतेय, कारण थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड, घाम, बेचैनी हेच सगळं होतं, त्यामुळे आधी शरीर बघून घेणं हा वेळकाढूपणा नव्हता. आणि पुढे थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत हे सगळे रिपोर्ट मागितले.

तोवर दादाचं जगणं हळूहळू आक्रसत गेलेलं. हायवेला गाडी चालवणं बंद, कंपनीच्या बसने जायचं तेही दाराजवळच्या सीटवर. शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवतात त्या गोळीची स्ट्रिप, कुठल्या डॉक्टरने दिलेली नाही, कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं ठेव जवळ. आणि मनगटावरच्या स्मार्टवॉचवर दर दहा मिनिटांनी पल्स बघणं.

घरी मावशीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या, जेजुरीला जाऊन ये म्हणाली. तो गेला, दर्शन घेतलं, बरं वाटलं त्याला, यात मला काही चुकीचं वाटत नाही. पण आमच्या एका काकांनी फोनवर हसत हसत ‘येरवड्याला न्यायची वेळ आली की काय’ असं जे म्हटलं ना, ते त्याच्या डोक्यात राहिलं. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणे, मनोरुग्णालयांची गावंच आपण चेष्टेला वापरतो, आणि मग ज्याला नुसती मदत हवीय त्यालाही वाटतं की तिथे गेलं की आपल्यावर शिक्का.

थेरपिस्ट शोधला वहिनीने. हा भाग सगळ्यात वैतागवाणा होता. नेटवर टाकलं की काउन्सेलर, लाइफ कोच, हीलर, माइंड ट्रेनर सगळे एकाच रांगेत दिसतात, फोटोही सगळ्यांचे सारखेच हसरे. साधी फोड अशी की सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर, या सगळ्यांत गोळ्या तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए-एमएस्सीनंतर एम.फिल. किंवा त्या तोडीचा मान्यताप्राप्त कोर्स केलेले, त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते, तो नंबर मागायचा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर ताडून बघायचा. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट बहुतेक एमए झालेले असतात, त्यात अतिशय चांगले लोक आहेत पण समुपदेशक ही पाटी आजवर जवळजवळ कुणीही लावू शकत होतं. २०२१ चा एक नवा केंद्रीय कायदा यांच्याही नोंदणीसाठी आहे, पण त्याची अंमलबजावणी नीट होईपर्यंत शिक्षण काय, अनुभव किती, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे आपणच विचारायचं. विचारलं म्हणून चांगला माणूस चिडत नाही.

वहिनीने पहिला फोन केला तिथून उत्तर आलं की पाच सेशन्समध्ये शंभर टक्के बरे होतील, पॅकेजचे पैसे आगाऊ भरा. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘गॅरंटी तर मिक्सरवाले पण देतात.’ दुसरीकडे संध्याकाळचा स्लॉट नव्हता. तिसऱ्या मॅडमनी फोनवर दहा मिनिटं बोलून घेतलं, काय होतंय, कधीपासून, गोळ्या चालू आहेत का, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, आणि मग म्हणाल्या की मी हे काम करते, आपण तीन-चार भेटी बघू, माझ्याकडून होण्यासारखं नसेल तर मी दुसरं नाव देईन. हा तिसरा फोन बरोबर वाटला.

पैशाचं स्पष्टच सांगते. १५०० रुपये, ५० मिनिटं, आठवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ. २४ तास आधी न कळवता रद्द केलं तर पूर्ण फी. दादाला वाटलं मेडिक्लेममधून निघेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं लिहिलेलं आहे हे खरं, पण आपल्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या, ही असली ओपीडीची सेशन्स वेगळं ओपीडी कव्हर असेल तरच निघतात. त्याच्या पॉलिसीत नव्हतं. कंपनीच्या एचआरकडे फुकट काउन्सेलिंगची सोय होती म्हणे, पण एचआरला कळेल म्हणून दादाने त्याचं नावच काढलं नाही. का ते पुढे येतंय.

पहिलं सेशन एका सोसायटीच्या तळमजल्यावर. बाहेरच्या पाटीवर फक्त नाव आणि डिग्री, याचंच त्याला निम्मं हायसं वाटलं. आत दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास, टिश्यूचा डबा, समोर घड्याळ. सिनेमात असतो तसला आडवं पडायचा कोच नाही. आधी फॉर्म: औषधं, जुने आजार, घरात कुणाला असं काही, झोप, दारू-तंबाखू, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. मग संमतीपत्रक, तेही वाचून दाखवलं. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, अपवाद असे की तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, किंवा कोर्टाने मागितलं.

वहिनी सोबत गेली होती, तिने सरळ विचारलं, ‘हे आत काय बोलतात ते मला नंतर सांगाल ना?’

‘नाही. त्यांना वाटलं तर तेच सांगतील.’

वहिनीला राग आला, तिने मला लगेच फोन करून सांगितलं, आणि खरं सांगू का, मला तिचा राग कळतो, रात्री दोनला उठून त्याच्या छातीवरून हात फिरवणारी तीच होती. पण ते एक वाक्य ऐकूनच दादा आत मोकळा बसला असं त्याचं म्हणणं. गोपनीयतेचा हा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, बायको असो की बॉस.

मग दोन प्रश्नावल्या. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, उदासीसाठी, आणि जीएडी-७ मध्ये सात, चिंतेसाठी, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं त्याला शून्य ते तीन मार्क. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तो वाचून दादा दचकला की यांना आपण तसले वाटलो का. मॅडम म्हणाल्या, हा मी प्रत्येकाला विचारते, विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट असेल तर बोलायची वाट मिळते. त्याला पीएचक्यूत ८ आले म्हणजे सौम्य आणि जीएडीत १४ म्हणजे मध्यमची वरची पायरी, १५ पासून तीव्र धरतात. हे निदान नाही, आज कुठे उभे आहोत याची खूण आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाकी वेळ नुसते प्रश्न. ५० मिनिटं संपली. बाहेर आल्यावर दादाचं वाक्य होतं, ‘यांनी केलं काय? सगळं तर मीच बोललो.’

दुसरं सेशन आणखी वाईट गेलं. लहानपण, वडील, पहिली नोकरी, घरात कुणी घाबरलं की काय करायचे, असलं सगळं. घरी येताना डोकं दुखायला लागलं, रात्री झोप नाही, दोन दिवस चिडचिड. याची कल्पना आधी कुणीतरी द्यायला हवी होती असं त्याचं म्हणणं आणि ते बरोबर आहे, कारण सुरुवातीच्या एकदोन भेटींनंतर जरा जास्त बिघडल्यासारखं वाटणं खूप जणांना होतं, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं हलवलं की होणारच. मात्र हे आठवडेच्या आठवडे चढतच गेलं तर ते तिथेच बोलायचं, सहन करत बसायचं नाही. मावशी म्हणाली, बोलायचंच तर मी आहे की घरात, फुकट. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

तिसऱ्या सेशनच्या आदल्या रात्री त्याला रद्द करायचं होतं, पण २४ तासांची मुदत उलटून गेलेली, म्हणजे न जाताही १५०० जाणार, आणि दादा हा माणूस पैसे भरून न जाणारा नव्हे. गेला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, ‘मॅडम, स्पष्ट सांगतो, मला काही फायदा वाटत नाहीये.’

माझ्या मते केस इथे फिरली. मॅडम दुखावल्याही नाहीत आणि स्वतःची बाजूही मांडत बसल्या नाहीत. विचारलं, काय मिळेल असं वाटलं होतं? तो म्हणाला, उपाय. काहीतरी करायला सांगा ना, कंपनीत प्रॉब्लेम आला की आम्ही रूट कॉज काढतो, ॲक्शन लिहितो, जबाबदार कोण लिहितो, तारीख टाकतो. तर त्या म्हणाल्या, बरं, चला मग तसंच करू, आणि कागद पुढे ओढला.

कागदावर एक वर्तुळ काढलं. कशाने तरी, उकाडा असेल, चहा जास्त झाला असेल, नुसता जिना चढून आलात, धडधड होते. डोकं म्हणतं हार्ट अटॅक. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, ॲड्रिनलिन सुटतं, धडधड अजून वाढते, श्वास भरभर होतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच हाताला मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की डोकं म्हणतं, बघ, डावा हात, अटॅकच आहे. पुन्हा पहिल्यापासून. पॅनिकची ही मांडणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये केली होती आणि सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणाऱ्या पद्धतीत आजही तीच वापरतात. मग मॅडमनी वर्तुळाच्या बाहेर तीन गोष्टी लिहिल्या: घड्याळ, सॉर्बिट्रेट, दाराजवळची सीट. यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण दर वेळी तुमची खात्री होते की यांच्यामुळेच वाचलो, त्यामुळे अटॅक आला नसताच हे कधी कळतच नाही.

दादा म्हणतो पहिल्यांदा वाटलं की या बाईला मशीन कळतं.

सॉर्बिट्रेटबद्दल त्यांनी फॅमिली डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगितलं, डॉक्टरांनी आधी दम दिला कारण ती गोळी रक्तदाब एकदम खाली आणू शकते, आणि स्ट्रिप काढून घेतली. आणखी एक, कंपनीतल्या मित्राने झोपेसाठी अल्प्राझोलाम देऊ केली होती, मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणे. ती शेड्यूल एच१ या औषधांच्या सरकारी यादीतली आहे, चिठ्ठीशिवाय मिळताच कामा नये आणि तिची सवय लागते, तर ती नकोच. गोळ्यांचं विचारायला मॅडमनी त्याला एका सायकियाट्रिस्टकडे एकदा पाठवलं, त्यांनी सगळं बघून सांगितलं की गोळी सुरू करता येईल, असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, किंवा थेरपीवर सहा आठवडे बघू आणि मग ठरवू. दादाने दुसरं निवडलं. दुसऱ्या कुणाला गोळी लागली असती तर त्यात कमीपणा नव्हता, हे त्या डॉक्टरांनीच बोलून दाखवलं.

चौथ्या सेशनपासून करायचं काम सुरू. खोलीतच एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायचा, मग जागच्या जागी धावायचं, मग स्ट्रॉमधून श्वास, म्हणजे तीच धडधड आणि त्याच मुंग्या मुद्दाम आणायच्या आणि पळून न जाता बसून बघायचं की काय होतं. (हृदयाच्या टेस्ट झालेल्या होत्या म्हणून हे केलं, स्वतःच्या मनाने घरी करू नका.) पहिल्या खेपेला त्याला खरंच वाटलं की गेलो, आणि काही मिनिटांत ते आपोआप उतरलं. हे त्याने पूर्वी कधी बघितलंच नव्हतं, कारण दर वेळी मध्येच काहीतरी करून सुटका करून घेतलेली.

होमवर्क म्हणून वहीत लिहायचं होतं, कधी झालं, मनात काय आलं, काय केलं. दादाने एक्सेल केलं, लाल-पिवळे-हिरवे रंग, साप्ताहिक ट्रेंड. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या छान आहे, पण ‘मनात काय आलं’ हा कॉलम सगळा रिकामा आहे. तो भरायला त्याला पुढचे बरेच आठवडे लागले. गाडीचं मात्र भराभर झालं, आधी रविवारी सकाळी वहिनीला घेऊन मोशीपर्यंत, मग एकटा, मग ऐन शिफ्ट सुटायच्या वेळी चाकण चौकातून.

आता ते एचआरचं. सातव्या की आठव्या सेशनला, निघता निघता, हात दाराच्या कडीवर असताना दादा म्हणाला, ‘तसं काही नाही, पण तो पहिला झटका आला त्या आठवड्यात मी कंत्राटातल्या पोरांची लिस्ट दिली होती.’ कॉन्ट्रॅक्टवरच्या कुणाकुणाला पुढे घ्यायचं नाही ती नावं त्याने दिलेली. त्यातला एक जण त्याच्याच गावाकडचा, यानेच लावलेला. हे वहिनीलाही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हे महत्त्वाचं आहे, आज वेळ संपलीय, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. तेव्हा त्याला हे फार कोरडं वाटलं, एवढं सांगितलं आणि या घड्याळ बघतात. पण थेरपीत अशी मोठी गोष्ट नेमकी शेवटच्या दोन मिनिटांत निघणं हे त्यांना नवीन नसतं, आणि वेळ वाढवत नेली तर पुढच्या माणसाची वेळ जाते आणि आपलीही शेवटाला सांगायची सवय तशीच राहते.

पुढच्या वेळी त्याला ऐकायचं होतं की तुझी काही चूक नाही. ते त्या म्हणाल्याच नाहीत. अपराधी वाटणं बरोबर की चूक यात न शिरता त्यांनी वाक्य पकडलं, ‘चांगल्या माणसाने असं करताच कामा नये, केलं म्हणजे मी माणूसच वाईट.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणली, तिचा सगळा रोख या ‘च’वर असतो. वाईट वाटणं राहू दे, ते वाटायलाच हवं, पण एका कृतीवरून अख्ख्या माणसाला नापास करायचं का, एवढाच प्रश्न. यावर तीन सेशन्स गेली आणि दादाच्या मते पैसे वसूल झाले ते तिथे. त्या गावाकडच्या मुलाला त्याने फोन केला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.

मावशीचा फुकट बोलायचा मुद्दा राहिला होता, त्याचं उत्तर आपोआप मिळालं. लिस्टची गोष्ट तो आईला सांगू शकला नसता कारण ती रात्रभर रडली असती आणि मग त्यालाच तिला समजवावं लागलं असतं. मॅडमना सांगून तो घरी येऊन जेवला.

सध्या भेटी पंधरा दिवसांनी होतात, लवकरच महिन्यावर नेणार आहेत. जीएडी-७ परवा ५ आला. दिवाळीच्या खरेदीत लक्ष्मी रोडला गर्दीत एकदा झटका आला होता, दुकानाच्या पायरीवर बसून राहिला, उतरला, मग साडी घेतली. पूर्ण बरा असं मॅडम म्हणत नाहीत, तोही म्हणत नाही. वहिनीला दोघांनी मिळून जायचं होतं तर मॅडमनी सांगितलं की मी यांची थेरपिस्ट आहे, जोडप्यासाठी दुसरं कुणी बघा, आणि दोन नावं दिली.

एवढी फी सगळ्यांना झेपत नाही हे उघड आहे. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. काही खाजगी थेरपिस्ट थोडे स्लॉट कमी फीचे ठेवतात पण तसं पाटीवर लिहीत नाहीत, फोनवरच विचारावं लागतं.

मार्चमध्ये कंपनीत कंत्राटाचं परत तेच आहे, नावं परत त्यालाच द्यायचीत. त्या आठवड्यातला स्लॉट त्याने आत्ताच सांगून ठेवलाय.